वासोट्याच्या जंगलातली जोती कुणाच्या घरांची?

पायवाट_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नुकताच बामणोलीहून लाँचने सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर जाऊन आलो. मेट इंदवलीला उतरलो, वनखात्याच्या चौकीत पिशव्या तपासून झाल्या, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत भरली आणि चालायला लागलो. ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीच्या आधी वाटेपासून जरा आत एक दगडी जोतं दिसलं. त्याला लागून दुसरं, मग तिसरं. एका जोत्याच्या कडेला खडकात कोरलेलं उखळ होतं. पाचोळा कुजून आत काळं पाणी साठलेलं, पण काठ हाताला अजून गुळगुळीत लागत होता. मागच्या उतारावर रचीव दगडांच्या ताली, शेवाळलेल्या, आणि तालीच्या बांधावर ओळीने जुने आंबे.

आमच्यातला एकजण म्हणाला, गडाच्या शिबंदीची, म्हणजे राखणीच्या शिपायांची घरं असतील. दुसऱ्याचं म्हणणं, हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे, इथे माणूस कधी राहिलेलाच नाही. मला दोन्ही पटलं नाही. इथे कोण राहायचं? आणि घरी येऊन नकाशा पाहिला तेव्हा आणखी एक शंका आली. घाटमाथ्यावरच्या बाकी नद्या पूर्वेला देशावर उतरतात, मग कोयना धरणाचा शिवसागर जलाशय असा उत्तर-दक्षिण लांबलचक कसा पसरलाय?

कोयनाकाठ

ती घरं शेतकऱ्यांची. मेट इंदवली हे नांदतं गाव होतं, अभयारण्य झाल्यावर उठलं. आमचं गाव तिथून दक्षिणेला, ते त्याआधीच धरणात गेलं. वडील त्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि माझा जन्म रायगड जिल्ह्यातल्या पुनर्वसन वसाहतीतला. त्यामुळे 'इथे माणूस कधी राहिलेलाच नाही' हे वाक्य दिसलं की उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी नदीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. महाबळेश्वरच्या पठारावरून कृष्णा आणि वेण्णा पूर्वेला उतरतात. कोयनेला तो रस्ता मिळत नाही. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे आणि पूर्वेला त्या धारेला समांतर जाणारी बामणोली-घेरादातेगड रांग. सातारहून कासचं पठार ओलांडून तुम्ही बामणोलीला उतरलात ना, ती उतरण याच पूर्वेकडच्या रांगेची. या दोन भिंतींमधून नदी साठेक किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते, हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून जाऊन कराडला कृष्णेला मिळते. नकाशावर तुम्हाला दिसलेला लांबलचक जलाशय म्हणजे ही अरुंद दरी पाण्याने भरलेली आहे.

ती भरली कशासाठी, तर हेळवाकच्या अलीकडे एक भिंत घातली की मागचं अख्खं खोरं अडतं, आणि पश्चिमेची धार ओलांडली की कोकण एकदम खाली आहे. डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी कोकणातल्या पोफळीकडे सोडलं की ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून खाली पडतं. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठी नदीत जातं. एरवी कराड, सांगली करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी अरबी समुद्राला मिळतं. धरण 103 मीटर उंच, साठा 105 टीएमसी (अब्ज घनफूट). 1962 साली वीज सुरू झाली. महाराष्ट्राचे कारखाने त्या विजेवर उभे राहिले याचा आमच्या म्हाताऱ्यांना अभिमान होता, आणि तो खरा होता. आमच्या वसाहतीत मात्र वीज यायला पुढे कितीतरी वर्षं गेली, हेही तितकंच खरं.

पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातली भाताची खाचरं, म्हणजे सगळी चांगली जमीन, खाली गेली. माणसं पांगली. कुणी सोलापूरकडे, कुणी सांगली जिल्ह्यातल्या खानापूरच्या कोरड्या माळावर, कुणी ठाणे-रायगडात. पाच महिने पावसात काढणाऱ्या माणसाला खानापूरच्या माळावर जमीन देणं म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. बरीच घरं कुठेच गेली नाहीत. ती पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला सरकली. जे हाती उरलं त्यात नाचणी, वरी करत राहिली. तुम्ही पाहिलेल्या ताली तशाच उतारावरच्या.

त्यात 11 डिसेंबर 1967 ची पहाट आली. कोयनेचा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आजूबाजूच्या गावांतली दगड-मातीची घरं बसली. आमची आत्या तेव्हा पाटणच्या बाजूला नांदत होती. ती सांगायची, जमीन हलण्याआधी आवाज आला, आणि गोठ्यातली जनावरं त्याच्याही आधी दावी तोडायला लागली होती.

1985 साली कोयना अभयारण्य जाहीर झालं, दक्षिणेकडचं चांदोली अभयारण्यही त्याच साली. वर सरकलेल्या माणसांची वाट तेव्हा दुसऱ्यांदा बंद झाली. सरपण, गुरांची चराई, हिरडा गोळा करणं, सगळ्यावर बंधन. पुढे 2004 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत दोन्ही नावं गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून हा प्रकल्प 1165 चौरस किलोमीटरचा, त्यातला गाभा 600 चा.

आता जंगल इतकं दाट कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. कायद्याच्या आधी या जंगलाची राखण पाण्याने केली. जलाशय झाल्यावर पश्चिम काठ तुटला. रस्ता नाही, डॉक्टर नाही, बाळंतीण अडली तर लाँचची वाट पाहायची. तरणी पोरं मुंबईला गोदीत, माथाडीत गेली. गुरं कमी झाली, डोंगर जाळून नाचणी करायला माणूस उरला नाही, आणि उतार आपोआप झाडीखाली जायला लागले. अभयारण्याची पाटी लागली तोवर हे सुरू झालेलं होतं.

सड्यावरचं_गवत

कोयनाकाठ, फार मोलाचं लिहिलंत. मी चांदोलीच्या बाजूला गवतांवर काम करते, म्हणून त्या अंगाने थोडी भर घालते.

कुमरी, म्हणजे उतारावरची झाडी तोडून, वाळवून, जाळून राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जमीन बरीच वर्षं पड टाकायची, ही या धारेवर जुनी रीत. त्यामुळे 'आदिम जंगल' म्हणून फोटोत दिसणारे कितीतरी उतार कधी ना कधी पिकाखाली होते. खरोखर जुनी झाडी हवी असेल तर देवरायांत आणि ओढ्यांच्या घळीत बघायची. बाकी ठिकाणी टप्पे ओळखू येतात. शेत सुटलं की आधी रामेठा, तोरण, कारवी येते, मग जांभूळ, पिसा, अंजनी सावली धरतात. वासोट्याच्या चढावर वाकड्या बुंध्यांची, एकमेकांना खेटून उभी असलेली अंजनी तुम्ही पाहिलीच असेल, पायवाट_पुणे. खाली गवताचं पातं उगवू देत नाही ती.

सड्यांची गोष्ट वेगळी. माथ्यावर जांभ्याची सपाट पठारं, माती जेमतेम. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलांची गर्दी होते आणि हिवाळा सरता सरता सगळं करपतं. या सड्यांवर गवळी-धनगरांचे वाडे होते, म्हशी होत्या. चांदोलीतली झोळंबी, रुंदीव ही गावं उठली, त्यांच्या मोकळ्या शेतांत गवत माजलं आणि आज गवे तिथेच चरायला उतरतात. गुरं गेल्यावर हीच कुरणं झुडपांनी भरत जातात, म्हणून वनखात्याला ती मुद्दाम मोकळी ठेवावी लागतात. गवा-सांबराला गवत नसेल तर वाघाला खायला काही नाही. म्हणजे आपण ज्यांना हलवलं त्यांच्या शेतांवर आणि चराऊ रानांवर व्याघ्र प्रकल्पाचं पोट चाललंय. माझ्या मते या जंगलाबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवी ती हीच गोष्ट, आणि माहितीफलकांवर नेमकी तीच नसते.

जाता जाता खडकाबद्दल. भूकंपाच्या अभ्यासासाठी याच भागात गोठण्याला 3 किलोमीटर खोल विवर घेतलं. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत नुसता लाव्हाचा काळा बेसाल्ट, थरावर थर, आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. वासोट्याच्या बाबूकड्यावर उभं राहून खाली जे थर मोजता येतात, तसेच पायाखाली आणखी खोलवर आहेत.

पायवाट_पुणे

दोघांचे मनापासून आभार. बाबूकड्यावर आम्ही तासभर बसलो होतो, आता ते थर वेगळेच डोळ्यांपुढे येतायत. दोन प्रश्न राहिले. वाघ तिथे खरंच आहे का? आणि कोयनाकाठ, तुम्हाला हे विचारावं की नाही कळत नाही, पण ही झाडी पाहून तुम्हाला राग येतो का?

कोयनाकाठ

विचारलंत ते बरं झालं.

वाघाचं आधी. महाराजांनी 1660 साली गड घेतला आणि नाव ठेवलं व्याघ्रगड, तेव्हा वाघ इथला जुनाच. मधल्या काळात तो दिसेनासा झाला. प्रकल्प जाहीर झाल्यावरही कित्येक वर्षं वावर असला तरी विष्ठा, पायाचे ठसे एवढ्यावरच समजायचं. 2018 साली चांदोलीत कॅमेऱ्यात फोटो मिळाला. दक्षिणेला राधानगरी, तिलारी, गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं काळी-दांडेलीचं जंगल अशी सलग धार आहे, तिकडून नर चालत वर येतात. माद्या तेवढ्या लांब सहसा येत नाहीत, म्हणून 2025 मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून इथे सोडली. त्या दक्षिणेच्या वाटेत खाणी, रुंद रस्ते आणि रिसॉर्ट किती घुसू द्यायचे यावर इथल्या वाघाचं सगळं ठरणार आहे.

राग म्हणाल, तर झाडीचा येत नाही. वडील गेल्या खेपेला लाँचमधून जाताना धनेशाची जोडी पलीकडे गेली, ते बघतच राहिले. म्हणाले, आमच्या लहानपणी हा एवढा नव्हता. त्यांना आनंद झाला होता. आमच्या पाण्याखालच्या खाचरांवरून तो पक्षी उडत गेला, तरी आनंदच झाला. पण वसाहतीतल्या जमिनीचा सातबारा अजून वडिलांच्या नावावर नीट लागलेला नाही, आणि तलाठ्यापासून वर ज्या ज्या टेबलावर हेलपाटे घातले तिथे 'तुमचं गाव कोणतं' असं विचारलं की त्या नावाचं गाव यादीत सापडत नाही. धरण होऊन साठ वर्षं उलटली, कोयनानगरला धरणग्रस्त अजूनही आंदोलनाला बसतात ते याच कारणाने. राग आहे तो याचा.

माझी मागणी साधी आहे. मेट इंदवलीच्या चौकीत पक्ष्यांचे, फुलपाखरांचे सुंदर फलक लावता, तसा एक फलक गावांचाही लावा. कोणतं गाव पाण्यात गेलं, कोणतं अभयारण्यात उठलं, माणसं कुठे नेली. जोत्यांपाशी एक लहान पाटी, कुणाचा वाडा होता एवढीच. माहिती देणारी म्हातारी माणसं अजून आहेत. मी स्वतः वसाहतींत फिरून नावं लिहून घेतोय. कुणाकडे जुने कागद, शाळेचे दाखले, जत्रेचे फोटो असतील तर मला निरोप करा.

घेरा_वाडीकर

गडाचं थोडं माझ्याकडून. हा गड तुरुंग म्हणून वापरायचे, आणि कारण वर आलंच आहे. पश्चिमेला कडा, पूर्वेला दरी आणि जंगल, पळून जाणार कुठे. राजापूरच्या वखारीतल्या काही इंग्रजांना इथे कैदेत ठेवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेपुढे हाच गड आठ महिने लढवला. शेवटी एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून तो घेतला, तेव्हा सातारच्या छत्रपतींच्या घराण्यातली माणसं आतच होती. त्यामुळे तुमच्या मित्राचा शिबंदीचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. गडाखालच्या गावांतल्या माणसांनीच शेती करता करता पिढ्यानपिढ्या गडाची चाकरी केली.

कोयनाकाठ, आमच्या घरी पाटणच्या बाजूची काही जुनी वहिवाटीची पत्रं आहेत, मोडीत. आजोबांच्या ट्रंकेत होती. वाचता येणारा माणूस मिळाला तर त्यात वाड्यांची नावं निघतील. निरोप केलाय.

आणि पायवाट_पुणे, परत जाणार असाल तर पावसाळ्यात हा भाग बंद असतो, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जाता येतं. परवाना बामणोलीलाच काढायचा, मुक्काम करता येत नाही. चोरवण्याकडून नागेश्वराच्या गुहेपर्यंत कोकणातली माणसं महाशिवरात्रीला चढून येतात, त्या दिवशी गेलात तर गुहेत थेंब थेंब ठिबकणाऱ्या पाण्याखालची पिंडही बघता येईल आणि ज्यांची गावं या धारेखाली अजून नांदतायत त्यांच्याशी बोलणंही होईल.