बालवाडीतल्या ताईंना ऑनलाइन शीट वापरायची सवय कशी लावायची?

कुर्ला_बालवाडी:
नमस्कार मंडळी. कुर्ला ते गोवंडी पट्ट्यात आमच्या संस्थेच्या ६ बालवाड्या आहेत, ११ शिक्षिका, ५ मदतनीस, मुलं ३ ते ६ वर्षांची. आत्ता सगळं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं म्हणजे हजेरीचा आकडा, खाऊ किती लागला, पुढच्या आठवड्याचं नियोजन, कोणाची रजा, आणि त्यातच गुड मॉर्निंगचे फोटो, मग गेल्या सोमवारचं काही शोधायचं तर अर्धा तास जातो. म्हणून जूनमध्ये गुगल शीट आणि ड्राइव्हचं फोल्डर बनवलं, दोन तासांचं ट्रेनिंग घेतलं, सगळ्या हो हो म्हणाल्या. दीड महिना झाला, शीट फक्त दोघी भरतात. बाकीच्या वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. या बायका पंधरा पंधरा वर्षं मुलांमध्ये जीव ओतून काम करतायत, आळशीपणाचा प्रश्नच नाही, त्यामुळे माझंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. कोणी केलंय का हे?

विक्रोळी_सुपरवायझर:
हजेरीची वही बंद केलीत का? वही पण आणि शीट पण असेल तर ताईंच्या बाजूने बघा, तुम्ही त्यांचं काम दुप्पट केलंय. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मग मी एकेकीला विचारलं की लिखाणातलं सगळ्यात नकोसं काम कुठलं, तर जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर आलं, महिनाअखेरची बेरीज. मस्टर घेऊन बोटाने मोजत बसायचं, प्रत्येक मुलाचे दिवस, मग मुली किती मुलगे किती, संध्याकाळचे सहा वाजायचे. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हजेरीची शीट केली, बेरीज आपोआप येईल अशी, आणि एकाच बालवाडीत दोन ताईंना दिली, त्यांची वही त्या दिवसापासून बंद. महिनाअखेरीला बाकीच्या कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या होत्या आणि या दोघी चारच्या लोकलने घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात इतरांनी स्वतःहून विचारलं. शिकवलं पण त्या दोघींनीच, मुलं घरी गेल्यावर, तिथेच सतरंजीवर बसून, जिच्या तिच्या फोनवर.

अंगणवाडीच्या सेविकांचं आठवतंय ना, २०२१ मध्ये नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापायचे, हँग व्हायचे, आणि ॲप इंग्रजीत. तेव्हा पण लोक म्हणाले यांना शिकायचंच नाही. मला ते फार लागलं होतं.

मानखुर्दची_शिक्षिका:
मी स्वतः बालवाडीत शिकवते म्हणून आमच्या बाजूचं सांगते. फोन माझा एकटीचा नाही. संध्याकाळी मुलगी अभ्यासाला घेते, मिस्टरांचा बंद पडला तर ते घेऊन जातात. जीमेल दुकानवाल्याने फोन घेताना बनवून दिलं, पासवर्ड काय ते मला माहीत नाही, स्टोरेज कायम फुल. ट्रेनिंगला हे सगळ्यांसमोर कसं सांगणार, म्हणून हो म्हटलं. दुसरं म्हणजे भीती. माझं बोट लागून दुसरीचं लिहिलेलं पुसलं गेलं तर? आणि वहीत माझं शुद्धलेखन चुकलं तर फक्त मॅडम बघतात, शीटमध्ये सगळ्या बघतात. आमच्या आधीच्या मॅडम रात्री दहाला शीटमध्ये कमेंट टाकायच्या, "हे अपूर्ण आहे", तेव्हापासून ती लिंक उघडायला नकोच वाटायचं. कृपा करून कामाच्या वेळेनंतर काही लिहू नका, आणि चूक असेल तर फोन करून सांगा. रिचार्जचे पैसे पण संस्थेने द्यावेत, काम संस्थेचं आहे.

ठाणे_लोकल:
ताईंनी भीतीचं सांगितलं त्यावर उपाय आहे. कॉम्प्युटरवर शीट उघडली की व्हर्जन हिस्टरी दिसते, पुसलेलं सगळं परत आणता येतं. हे तोंडी सांगू नका, सगळ्यांसमोर मुद्दाम अख्खी शीट पुसा आणि परत आणून दाखवा. नावांचा आणि बेरजेचा भाग प्रोटेक्ट करून ठेवा, म्हणजे तो चुकून बदलणार नाही. हजेरीला टायपिंग नकोच, कॉम्प्युटरवरून चेकबॉक्स टाकून द्या, फोनवर नुसतं बोट लावलं की टिक होते आणि काउंटइफ या सूत्राने टिका मोजून बेरीज येते. नियोजन लिहायला जीबोर्डचा, म्हणजे गुगलच्या कीबोर्डचा माइक, मराठीत बोललं की टाइप होतं. चाळीत रेंज नसते तिथे शीट ॲपमध्ये आधीच ऑफलाइन करून ठेवायची, नेट आलं की भरलेलं आपोआप वर जातं.

एक मात्र कळकळीने सांगतो. शीट "लिंक असलेल्या कोणालाही" अशी उघडी ठेवू नका. त्यात मुलांची नावं, पत्ते, आईचा नंबर असतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, पण कायदा नसता तरी ही आपली जबाबदारीच आहे. मुलांचे फोटो ताईंच्या स्वतःच्या फोनमधून संस्थेच्या फोल्डरला गेले की फोनमधून काढायचे. गुगलच्या फुकटच्या खात्यात १५ जीबीच जागा मिळते आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं त्यातच.

कुर्ला_बालवाडी:
खूप आभार सगळ्यांचे. काल एकेकीला बाजूला घेऊन विचारलं तर शीट न भरणाऱ्या ९ जणींपैकी ५ जणींना स्वतःचा पासवर्ड माहीत नाही. दीड महिन्यात मी हे विचारलंच नव्हतं, वाईट वाटलं. शनिवारी आधी सगळ्यांची खाती नीट करतो, मग फक्त हजेरी, एकाच बालवाडीत. ड्राइव्ह, नियोजन सगळं दिवाळीनंतर. एकच अडचण आहे, देणगीदारांना सहीचं मस्टर लागतं, मग वही बंद कशी करू?

विक्रोळी_सुपरवायझर:
महिनाअखेरीला शीटची प्रिंट काढा आणि त्यावर ताईंची सही घ्या. पण देणगीदारांना आधी विचारून त्यांचा होकार लेखी घेऊन ठेवा, आम्हाला एक मेल करून मिळाला होता.