विषय: हट-ते-हट स्की टूरिंगची पहिली सफर, पूर्वतयारीबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

एप्रिलच्या पूर्वार्धात आम्ही चौघे जण पाच दिवसांच्या हट-ते-हट स्की टूरिंगला जाणार आहोत, म्हणजे स्कीवरून डोंगर चढत-उतरत एका हटहून (डोंगरातील निवाऱ्याहून) दुसऱ्या हटला. गाइड ठरलेला आहे. लिफ्टच्या उतारांवर आम्हा सर्वांना चांगले स्की करता येते, परंतु स्की पायांत असताना डोंगर चढण्याचा अनुभव जेमतेम दोन दिवसांचा आहे. काल सॅक भरून पाहिली तर वजन तेरा किलो भरले. त्यातून काय काढावे आणि उरलेल्या सहा आठवड्यांत कशाचा सराव करावा, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.

आपली विनीत

---

ताई, सप्रेम नमस्कार.

तेरा किलो फार झाले. पाणी धरून आठ-नऊ किलोंवर यावे. अशा सफरीत दिवसाचे चार-पाच तास चढण्यात जातात आणि उतरणे बहुधा तासाभरात आटोपते, त्यामुळे सॅकमधला प्रत्येक जादा कपडा आपण मुख्यतः वर वाहून नेत असतो. हटचा कर्मचारीवर्ग हजर असेल तर पांघरुणे तेथे मिळतात, स्वतःचे फक्त पातळ लायनर (आत शिरून झोपण्याची कापडी पिशवी) न्यावे. बूट दारातच काढून ठेवायचे असतात आणि आत घालायला सपाता बहुतेक ठिकाणी असतात. अंगालगतच्या कपड्यांचा एकच जादा जोड पुरतो. मात्र ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधण्याचे रेडिओ उपकरण), फावडे, प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी), स्की-क्रॅम्पॉन (कडक बर्फावर पकड देणारे स्कीखालचे दाते) आणि हेडटॉर्च यांना वजनाच्या नावाखाली हात लावू नये.

सरावाबाबत माझे मत स्पष्ट आहे: उतरण्यापेक्षा चढण्याचा सराव करावा, आणि त्यातही किक टर्नचा. तीव्र उतारावर नागमोडी चढताना प्रत्येक वळणावर वरची स्की नव्या दिशेला वळवून तिच्यावर भार टाकायचा, मग खालच्या पायाची टाच हलकेच झटकायची, म्हणजे त्या स्कीचे टोक वर उचलले जाऊन ती मागून वळून येते. सपाटीवर हे सोपे वाटते. पण खाली तीनशे मीटरचा उतार दिसत असताना पाय अडखळतात, आणि एकाच्या अडखळण्याने मागचे सगळे खोळंबतात.

वेळेचा हिशेब आदल्या रात्री स्वतः करून पाहावा. स्विस गाइड वेर्नर मुंटर यांची रीत सोपी आहे: चढाईचे दर शंभर मीटर एक एकक, अंतराचा दर किलोमीटर एक एकक, आणि त्यांच्या बेरजेला चारने भागायचे. हजार मीटर चढ आणि सहा किलोमीटर अंतर म्हणजे सोळा एकके, अर्थात चार तास. थांबे धरून पाच. वसंतात उन्हाने बर्फ मऊ होण्याआधी, समजा अकरापर्यंत, खिंड ओलांडायची असेल तर सहाला निघणे भागच आहे. रात्री आकाश ढगाळ राहिले तर बर्फ नीट गोठत नाही आणि ही मुदत आणखी अलीकडे येते, म्हणून पहाटे दार उघडल्यावर पहिल्यांदा चांदण्या दिसतात का ते पाहावे.

स्किनकडे, म्हणजे चढताना स्कीखाली चिकटवायच्या लवदार पट्ट्यांकडे, माझे स्वतःचे दुर्लक्ष झाले होते. स्किनची लव एका दिशेने झुकलेली असल्याने स्की पुढे घसरते आणि मागे येताना अडते; परंतु हीच लव उन्हातल्या ओल्या बर्फात भिजून पुढे सावलीत शिरली की गोठते. पहिल्या सफरीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या स्कीखाली चार बोटे जाडीचे बर्फाचे गोळे धरले, आणि ते खरवडण्यात गटाचा पाऊण तास गेला. आता मी सकाळीच लवेला स्किन-वॅक्स चोळते. शिवाय स्किन काढल्यावर त्या जॅकेटच्या आत ठेवाव्यात, कारण गोंद थंड पडला की पुन्हा धरत नाही. आणि रात्री त्या शेगडीच्या फार जवळ वाळत घालू नयेत.

हिमस्खलनाच्या धोक्याची 1 ते 5 अशी श्रेणी युरोपात 1993 पासून एकच आहे. 3 हा आकडा मधला असला तरी धोका मध्यम नसतो. तेथे त्याचा अर्थ ‘लक्षणीय’ असा आहे. साधारण 30 अंशांहून तीव्र उतारावर प्रत्येकाने अंतर राखून जावे. निर्णय गाइडचा असला तरी आज हीच वाट का, हे त्यांना रोज विचारावे. चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजेच शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. आपण चौघांनी पुरलेला ट्रान्सीव्हर शोधून खणून काढण्याचा सराव निघण्यापूर्वी अनेकदा करावा, आणि दर वेळी पुरणारा बदलावा.

आपली स्नेहांकित

---

ताई,

मनःपूर्वक आभार. दुसरा स्वेटर, जाड पुस्तक आणि कॅमेऱ्याची मोठी लेन्स काढल्यावर वजन साडेनऊवर आले. एक शंका उरते: हवामान बिघडून पुढच्या हटला जाता आले नाही, तर तेथे कळवणे आवश्यक आहे का?

---

होय, अवश्य, आणि शक्य तितक्या लवकर. केवळ जागा मोकळी होण्याचा हा प्रश्न नाही. आरक्षण असलेला गट संध्याकाळपर्यंत पोहोचला नाही, तर तो संकटात सापडला असावा असे समजून हटचालक शोध सुरू करवू शकतात. निघण्यापूर्वी सर्व हटचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून चौघांनीही जवळ ठेवावेत, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते.