एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात मांजर असावं का?

गावभाग_सांगली

माझं मत आधीच सांगते: असावं. माणूस हिंडताफिरता असेल आणि मांजराची थोडी तरी हौस असेल, तर सत्तरीनंतर एकट्यानं राहताना मांजरासारखी सोबत नाही.

हा विषय काढायचं कारण आमची आत्या. निवृत्त शिक्षिका, गावभागात जुन्या कौलारू घरात एकटीच राहते. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला. तिच्याकडे एक तिरंगी भाटी आहे, आणि नात्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे की या वयात ती ब्याद कशाला, घालवून द्या.

मी तिच्याकडे वरचेवर जाते, म्हणून फरक डोळ्यांनी पाहिलाय. काका गेल्यावर आत्याचं खाणं-पिणं पार विस्कटलं होतं. एकदाच भात लावायचा, ओट्यापाशी उभ्यानंच चार घास खायचे, संध्याकाळी नुसता चहा. आता पहाटे साडेपाचच्या सुमारास भाटी उशाशी येऊन बसते आणि पंजा अलगद गालावर ठेवते. नखं आत घेतलेली असतात. तेवढ्यानं जाग आली नाही तर दुसऱ्यांदा ठेवते, आणि मग कानाशी एकच बारीक 'म्यँव'. आत्या उठते, मागचं दार उघडते, तिचं खाणं काढते, पाणी बदलते आणि मग स्वतःचा चहा टाकते. रात्रीचं जेवणही आता वेळेवर होतं, कारण आठ वाजले की भाटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. दोघी जेवतात.

दुसरी गोष्ट बोलण्याची. पूर्वी फोन आला नाही तर दिवसभर आत्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. आता तिचं सारखं बोलणं चाललेलं असतं. आणि भाटी उत्तर देते. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं 'म्यँव' करत नाहीत, ते बहुतेक माणसासाठीच राखलेलं असतं. शिवाय शेजारच्या वाड्यातली पोरं भाटीसाठी येतात, त्यांच्यामागे त्यांच्या आया येतात, आणि सोप्यात दहा मिनिटं का होईना माणसं बसतात.

कुत्रा का नको, असं कोणी विचारेल. कुत्र्याला रोज दोन वेळा बाहेर न्यावं लागतं, आणि आमच्या बोळात पट्टा धरून ओढत जाणं पंच्याहत्तरीच्या बाईला जमायचं नाही. मांजर आपली घाण आपण झाकतं, आपलं अंग आपण चाटून स्वच्छ ठेवतं.

अभ्यासही झालेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा कमी भरलं.

तुमचा अनुभव काय? विरोधी मतं आवर्जून मांडा, कारण मला ती नात्यातल्या लोकांपुढे ठेवायची आहेत.

मिरजेचा_मुलगा

पूर्ण असहमत.

माझी आई पहाटे अंधारात स्वयंपाकघरात गेली, मांजर नेहमीसारखं पायात घोटाळलं, आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बॉल बदलला, वर्षभर वॉकर. जी बाई रोज चालत देवळात जायची, ती आज घरातल्या घरात फिरते. मांजराचा दोष नाही, त्याचा स्वभावच तो. पण सत्तरीच्या माणसाला पायात घोटाळणारं जनावर घरात आणून देणं हा आपला दोष आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये आकडे दिले होते. पाळलेल्या कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणारे तिथे वर्षाला ८६ हजारांच्या वर, आणि त्यात हाड मोडण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त ७५ च्या पुढच्यांत. खुबा मोडल्यावर म्हातारं माणूस पूर्वीसारखं उभं राहीलच याची खात्री कोणताही डॉक्टर देत नाही. कॉर्टिसॉल कमी होऊन काय करायचं?

आणखी एक. तुमचा तो प्रयोग कॉलेजच्या पोरांवर झाला. विशी-बाविशीच्या पोरांचा दहा मिनिटांचा ताण आणि पंच्याहत्तरीच्या बाईचं आयुष्य, यांची सांगड कशी घालता?

मार्केटयार्ड

आमचं हळदीचं गोदाम आहे. पोत्यांमागे उंदीर आणि घुशी, त्यांनी पोती कुरतडली की माल रस्त्यावर. औषध टाकलं तर मेलेला उंदीर पोत्यांच्या थप्पीत अडकून वास मारतो. दोन बोके आणि एक भाटी आहे, तेव्हापासून निवांत. माणसाची आणि मांजराची गाठच मुळी धान्याच्या कोठारापाशी पडली, दहा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. इतकी जुनी सोबत आहे ती.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बोका माझ्या गादीवर येऊन झोपतो. त्याची ती घुरघुर ऐकत मी खातेवही लिहितो. बीपीची गोळी चालूच आहे, पण डोकं शांत राहतं एवढं खरं.

विश्रामबाग१००फुटी

माझी लेक दम्याची आहे, म्हणून बोलते. आपल्याकडे म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. ते तसं नाही. त्रास देणारं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत असतं, त्याला 'फेल डी १' म्हणतात. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात, आणि गाद्या-पडद्यांत जाऊन बसतात. मांजर घरातून गेल्यावरही ते कण महिनोन्‌महिने राहतात.

आमच्या सासूबाई एकट्याच राहतात, त्यांच्याकडे मांजर आहे. मांजर आल्यापासून नात आजीकडे राहायला जाऊ शकत नाही. दिवाळीला गेलो आणि रात्री नेब्युलायझर लावून परत आलो. आता आजी आणि नात भेटतात त्या बागेत नाहीतर आमच्याकडे. तुमच्या आत्याकडे शेजारची पोरं येतात हे छानच, पण आमच्या घरी मांजरानं माणूस तोडलं. घरातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचा विचार व्हायला हवा, फक्त पाळणाऱ्याचा नव्हे.

गावभाग_सांगली

@मिरजेचा_मुलगा, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मी हलका करत नाही. पण त्याच आकडेवारीत कुत्र्यांमुळे पडणारे मांजरांमुळे पडणाऱ्यांच्या साडेसात पट आहेत, हेही सांगायला हवं. आत्याच्या घरी आम्ही पलंगापासून ओट्यापर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे लावलेत आणि भाटीच्या गळ्यात घुंगरू बांधलंय. ती कुठे आहे ते आवाजावरून कळतं. मांजर नसतं तरी ते दिवे लागायलाच हवे होते.

@विश्रामबाग१००फुटी, दम्याचं पटलं. घरात कोणाला दमा असेल तर मांजर आणू नये, यात वाद नाही.

माळटिटवी_सातारा

मला मांजरं आवडतात, तरी माझा विरोध मोकळं सोडलेल्या मांजराला आहे. "मागचं दार उघडते" हे वाचूनच थांबले. त्या दारातून मांजर कुठे जातं? परसातल्या सूर्यपक्ष्याच्या घरट्याकडे, बुलबुलाच्या पिल्लांकडे. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की तिथली मोकळी मांजरं वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात. त्यातली बरीचशी बेवारस असतात हे खरं, पण पोट भरलेलं पाळीव मांजरही शिकार करतं. भूक आणि शिकार या त्याच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांमधून मी हे दर उन्हाळ्यात बघते. साळुंकीची पिल्लं घरट्यातून उतरून जमिनीवर उड्या मारत असतात, उडता येत नसतं, आणि त्याच दोन-तीन दिवसांत बोका येतो. आई-बाप डोक्यावर ओरडत राहतात. पाळायचं तर घरात पाळा, खिडक्यांना जाळी लावा.

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

रोज मांजरं तपासतो, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो. मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे, पण आपल्याकडे 'पाळणं' म्हणजे वाटीत दूध ओतणं एवढंच समजतात, त्याला माझा सक्त विरोध आहे.

दूध. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते. स्वच्छ पाणी द्या, दूध नको.

शाकाहारी घर. सांगली-मिरजेत हा प्रश्न हमखास येतो. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक ते स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. १९८७ मध्ये हा हृदयाचा संबंध सिद्ध झाला आणि तेव्हापासून मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन पुरेसं घालू लागले. दूध-पोळीवर मांजर जगवणाऱ्या घरांतून माझ्याकडे खंगलेली मांजरं येतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजराचं कोरडं खाद्य आणा. तेही नको असेल तर मांजर आणू नका.

नसबंदी. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एकट्या म्हाताऱ्या बाईकडे एक भाटी असते, वर्षभरात घर मांजरांनी भरतं, आणि मग पोत्यात घालून पिल्लं मार्केटात सोडायला माणूस शोधतात. हे मी पाहतो, आणि मला ते सहन होत नाही. ऑपरेशन करून घ्या. बोक्याचं तर अगदी सोपं असतं, शिवाय तो भिंतींवर वास मारणारी लघवी करत हिंडायचा थांबतो, मारामाऱ्या कमी होतात.

लस. तिहेरी लस आणि रेबीजची लस, दोन्ही. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'घरचंच आहे' म्हणून सोडून देऊ नका.

गरोदर बायका. टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा एक जंतू, त्याच्या भीतीनं पाळलेलं मांजर हाकलून देतात. संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून हे जंतू साधारण आठवडा ते तीन आठवडेच बाहेर पडतात, आणि पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधा करण्याजोगे होतात. वाळूचा ट्रे रोज साफ झाला तर धोका बराच टळतो. गरोदर बाईनं तो साफ करू नये, घरातल्या दुसऱ्यानं करावा. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो, तिकडेही लक्ष असू द्या.

आणि हात जोडून सांगतो, मांजराला ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळी मांजराचा जीव घेते.

@माळटिटवी_सातारा यांच्याशी सहमत. घरात ठेवलेलं मांजर जास्त जगतं. रस्त्यावर चिरडलेलं आणि कुत्र्यांनी फाडलेलं मी रोज पाहतो, घरातलं क्वचित.

सांगलीवाडी_पूर

सगळे मांजराबद्दल बोलताय, मी माणसाबद्दल बोलतो. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला, आणि आईच्या सोबतीला मांजर. आईला एकटं वाटतंय, हा प्रश्न मांजरानं सुटत नाही, झाकला जातो. "आईला आता बरं वाटतं, मांजर आहे ना" असं म्हणत मुलं महिन्याची फेरी दोन महिन्यांवर नेतात. माझ्या गल्लीत हे घडलेलं आहे. बाई आजारी पडली तर मांजर पाणी देणार नाही, डॉक्टरला फोन करणार नाही.

दुसरं, आपलं गाव नदीकाठचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागात, सांगलीवाडीत घरंच्या घरं पाण्यात होती. आमच्या शेजारच्या आजी बोटीत बसायला तयार नव्हत्या, मांजर माळ्यावर होतं म्हणून. पाणी चढत होतं, बोटवाले हाका मारत होते, आणि त्या मांजराला साद घालत होत्या. शेवटी दोघांनी उचलून बसवलं. मांजराचं काय झालं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. त्या आजी त्यानंतर सावरल्याच नाहीत. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. ज्याला सोडून निघता येत नाही, असा जीव म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात बांधू नका.

आणि मांजर पंधरा वर्षं जगतं. पंच्याहत्तरीच्या बाईला पिल्लू आणून दिलंत, तर तिच्यामागे त्याला कोण बघणार?

गावभाग_सांगली

@सांगलीवाडी_पूर, इथला सगळ्यांत वजनदार प्रतिसाद तुमचा आहे. आमच्याही घरात २०१९ ला माडीपर्यंत पाणी होतं.

तरी मी मत बदलत नाही. मुलांनी फेऱ्या कमी केल्या तर ते मुलांचं वागणं. आत्याची लेक आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल करते, आणि पूर्वी "जेवलीस का, गोळी घेतलीस का" यावर दोन मिनिटांत संपणारं बोलणं आता भाटीमुळे लांबतं. पण रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत कोणाचाच फोन येत नाही. झोप न लागणाऱ्या माणसाला ती वेळ खायला उठते. त्या वेळी पायाशी ऊबदार जीव मुटकुळं करून झोपलेला असतो. याला मी प्रश्न झाकणं म्हणणार नाही.

पिल्लू देऊ नये, हे मात्र एकदम मान्य. मोठं, नसबंदी झालेलं, शांत झालेलं मांजर द्यावं. आत्याच्या मागे भाटी माझ्याकडे येईल, हे तिला सांगून ठेवलंय. पुरासाठी काय करावं, डॉक्टर?

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

पिंजऱ्यासारखी झाकणाची टोपली किंवा कॅरियर आत्ताच आणा आणि घरात उघडी ठेवा. आत जुनी साडी घाला, खाणं अधूनमधून तिथेच द्या, म्हणजे मांजर आपणहून त्यात झोपायला लागतं. पुराच्या दिवशी पहिल्यांदा टोपली काढली तर मांजर माळ्यावर पळतं, आणि मग वर सांगितलं तसं होतं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मांजराला एका खोलीत बंद करा, आणि पाणी दाराशी यायची वाट न बघता आत्यांनाच आधी हलवा. लशींचं कार्ड टोपलीला बांधून ठेवा.

मिरजेचा_मुलगा

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करणारी माणसं शंभरात किती? आणि हे सगळं पंच्याहत्तरीची बाई एकटी करणार की भाची येऊन करणार? गावभाग_सांगली, तुमच्या आत्याचं जमतंय कारण तुम्ही पाच मिनिटांवर राहता. जिथे असं कोणी नाही, तिथे मांजर नको, हे माझं मत कायम आहे. अंगणात येणाऱ्या मांजराला ओट्यावर खाऊ घाला, तेवढी सोबत पुरे.

जनावरांचा_डॉक्टर (तासगाव)

ओट्यावर खाऊ घालणार असाल तर त्याचीही नसबंदी करावी लागेल. पकडायला जमत नसेल तर कळवा, सापळ्याचा पिंजरा माझ्याकडे आहे.