रंगमंचावरील एलईडी दिव्यांमुळे चित्रीकरणात येणारे आडवे पट्टे: दोष कॅमेऱ्याचा की मांडणीचा?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. मराठी रंगभूमी दिनानिमित्त, म्हणजे 5 नोव्हेंबरला, आमच्या हौशी नाट्यसंस्थेने सांगलीत दोन अंकी नाटकाचा प्रयोग केला आणि त्याच्या चित्रीकरणाची जबाबदारी माझ्याकडे होती. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ज्या गावात मराठी नाटकाचा पाया घातला, त्या गावातल्या प्रयोगाची नोंद चांगलीच राहायला हवी, अशी आम्हा सर्वांची इच्छा होती. पहिला अंक उत्तम आला आहे. दुसऱ्या अंकात रात्रीचा प्रसंग सुरू होऊन निळा प्रकाश मंद होताच मात्र संपूर्ण चित्रावर बारीक आडव्या रेषा उमटल्या आहेत, आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर दोन रुंद, काळपट पट्टे सरकताना दिसतात. प्रेक्षागृहात बसलेल्या कोणालाही असे काही जाणवले नव्हते.

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस आहे. चित्रीकरण सेकंदाला 29.97 फ्रेम्स, शटर 1/60 सेकंद, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 3200 असे होते. एका दुरुस्तीच्या दुकानात विचारले असता सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चिप) बदलावा लागेल असे सांगण्यात आले आणि तो खर्च आमच्या संस्थेला झेपणारा नाही. हा दोष खरोखर सेन्सरचा आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

तिसरी घंटा (सांगली)

सेन्सरला हात लावू नका. सेन्सर बिघडलेला असता तर पहिल्या अंकातही पट्टे दिसले असते. दोष शटरचा वेग आणि दिव्यांची लय यांच्या मेळात आहे, आणि तो एका पैशाचाही खर्च न करता दूर होण्यासारखा आहे.

आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखराला पोहोचत असल्याने विजेवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. हॅलोजनची तार तापलेली असते आणि ती क्षणार्धात निवत नाही, म्हणून हा चढउतार तिच्यात जवळजवळ विरून जातो. तुमचा पहिला अंक बहुधा समोरच्या हॅलोजनवरच झाला असावा. स्वस्त एलईडी फ्लडमध्ये (रुंद प्रकाश टाकणाऱ्या दिव्यांत) मात्र प्रवाह नीट गाळलेला नसतो आणि 100 चे ते स्पंदन जसेच्या तसे प्रकाशात उतरते.

त्यात बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर व्हिडिओसाठी सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचत नाही. तो वरून खाली ओळीमागून ओळ वाचत जातो आणि त्या वाचनाला अनेक कॅमेऱ्यांत 15 ते 25 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात दिवा साधारण दोनदा मंद होतो, म्हणून चित्रात दोन रुंद पट्टे उमटतात. तुमच्या मागच्या पडद्यावरचे पट्टे नेमके हेच आहेत.

आता बारीक रेषांकडे वळू. त्यांचे कारण वेगळे आहे. निळे एलईडी ‘पार’ (रंगमंचावरचे डब्यासारखे दिवे) मंद करताना त्यांचा प्रवाह कमी केला जात नाही, तर दिवा अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो आणि बंद राहण्याचा काळ वाढवला जातो. पूर्ण तेजावर दिवा अखंड पेटलेला असतो, म्हणून तेव्हा रेषा दिसत नाहीत. मंद केला की दिसू लागतात. उदाहरणासाठी असे धरा की तुमचा पार सेकंदाला 400 वेळा लुकलुकतो. 1/60 शटरमध्ये 6.67 आवर्तने मावतात, म्हणजे सेन्सरच्या काही ओळींना 6 झपके मिळतात आणि काहींना 7. सात मिळालेल्या ओळी सुमारे सहाव्या हिश्श्याने अधिक उजळ होतात आणि तोच फरक डोळ्यांना रेषा म्हणून दिसतो. तेच शटर 1/50 केले की प्रत्येक ओळीला बरोबर 8 झपके मिळतात आणि रेषा नाहीशा होतात. सेकंदाला 100 स्पंदनांच्या दिव्यालाही 1/50 मध्ये पुरी 2 आवर्तने मिळतात, तर 1/60 मध्ये 1.67. तुमचे दोन्ही त्रास 1/60 या एकाच आकड्यातून निघाले आहेत.

म्हणून पुढच्या प्रयोगाला कॅमेरा एनटीएससीवरून (सुमारे 30 फ्रेम्सची व्हिडिओ पद्धत) पॅलवर (25 फ्रेम्सची पद्धत) न्या, 25 फ्रेम्स ठेवा आणि शटर 1/50 वर कायम करा. मेमरी कार्डातले आधीचे चित्रीकरण तत्पूर्वी संगणकावर उतरवून घ्या, कारण काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉर्मॅट करायला सांगतात. 100 ला 25 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा पट्टा राहिलाच तरी तो जागेवर स्थिर राहतो, सरकत नाही. डोळ्याला खटकते ते मुख्यतः त्याचे सरकणेच. प्रकाश जास्त वाटला तर आयएसओ उतरवा किंवा अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) लहान करा, पण शटरला हात लावू नका. शटर ऑटोवर असेल तर समोरचा दिवा तेज होताच कॅमेरा आपणहून 1/125 किंवा 1/200 वर जातो आणि सगळी मांडणी कोलमडते.

रंगीत तालमीच्या वेळी एक चाचणी अवश्य करावी. शटर 1/1000 करून कॅमेरा एकेका दिव्याने उजळलेल्या पडद्यावर रोखावा आणि प्रकाशयोजनाकारांना तो दिवा पूर्ण तेजापासून हळूहळू मंद करायला सांगावे. कोणता दिवा कोणत्या टप्प्यावर पट्टे दाखवू लागतो, हे मॉनिटरवर स्वच्छ दिसते. एखाद्या दिव्याची वारंवारता 50 च्या पटीत नसेल तर 1/50 वरही फिकट रेषा राहू शकतात. तुमच्या कॅमेऱ्यात शटर दशांशात बदलण्याची सोय असेल, आणि अलीकडच्या काही मॉडेलमध्ये ती असते, तर मॉनिटरकडे पाहत तो आकडा रेषा विरेपर्यंत सरकवावा.

माणदेशी (विटा)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, फक्त गावोगावच्या यात्रांतील लोकनाट्यांचे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी एक भर घालतो. तिथे दिवे पुष्कळदा जनरेटरवर चालतात आणि भार वाढला-घटला की जनरेटरची वारंवारता 50 वर टिकत नाही, ती थोडी खालीवर होते. अशा वेळी 1/50 वरही पट्टा हळूहळू सरकू लागतो आणि त्यावर कॅमेऱ्यात पक्का उपाय नाही. मुख्य प्रकाशापुरते दोन-तीन हॅलोजन लावून घ्यावेत. त्यांच्या प्रकाशात एलईडीचा चढउतार बराच झाकला जातो.

नाट्यगृहातही प्रकाशयोजनाकारांशी आधी बोलून ठेवावे. मंद निळा प्रकाश हवा असेल तर चार पार दहा टक्क्यांवर ठेवण्याऐवजी एकच पार चाळीस टक्क्यांवर ठेवला तर रेषा कमी होतात. चांगल्या प्रतीच्या काही दिव्यांच्या मेनूत लुकलुकण्याची वारंवारता वाढवण्याचीही सोय असते. प्रकाशयोजनाकार दिव्यांकडे ज्या आस्थेने पाहतात, ती पाहता कारण समजल्यावर कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ (मिरज)

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. चित्रीकरण पुन्हा पाहिले. पट्टे सुरू होतात ते बरोबर त्या क्षणी, जेव्हा समोरचे हॅलोजन बंद होऊन केवळ एलईडी उरतात. आता दोन शंका आहेत. झालेल्या चित्रीकरणातून दुसरा अंक वाचवता येईल का? या कलाकारांपैकी एक ज्येष्ठ नट आता गावात राहिलेले नाहीत, त्यामुळे प्रयोग पुन्हा तसाच होणे शक्य नाही. आणि आमचे छायाचित्रकार आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर वापरतात, त्यांच्या छायाचित्रांतही पट्टे आहेत. त्यांनी काय करावे?

कोयना (कराड)

वाचवता येईल, निदान बराचसा. तुमचे चित्रीकरण 29.97 चे असणे इथे उपयोगी पडते. सेकंदाला 100 चे स्पंदन आणि जवळपास 30 फ्रेम्स असल्याने पट्ट्यांचा नमुना जवळजवळ दर तीन फ्रेम्सनी पुन्हा जुळतो. म्हणजे लागोपाठच्या तीन फ्रेम्सची सरासरी काढली की पट्टे एकमेकांना भरून काढतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच क्लिप एकावर एक तीन ट्रॅकवर ठेवा, मधली एक फ्रेम आणि वरची दोन फ्रेम्स पुढे सरकवा, आणि अपारदर्शकता खालून वर 100, 50 व 33 टक्के करा. स्थिर नेपथ्यावर याचा परिणाम फार सुरेख येतो. हलत्या हातांमागे मात्र पुसटशी सावली उरते, म्हणून पात्रांभोवती मास्क करून (तेवढा भाग वगळून) सरासरी फक्त मागच्या पडद्यापुरती ठेवावी. रात्रीच्या प्रसंगात पात्रे बहुतेक वेळ बसलेली असतील तर मास्कचे काम फारसे अवघड जाणार नाही. दाविंची रिझॉल्व्ह या संपादन-सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ या सशुल्क आवृत्तीत डीफ्लिकर नावाचा इफेक्ट आहे आणि त्यात फ्लुरोसंट दिव्यांसाठी तयार पर्यायही आहे. रुंद पट्ट्यांसाठी आधी तो लावून पाहा. बारीक रेषा त्याने पूर्ण जातीलच असे नाही.

छायाचित्रांचे कारणही तेच आहे. सायलेंट शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. 1/500 निवडले तरी ते सेन्सरच्या ओळी एकामागून एकच वाचते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या ओळींत अनेक मिलिसेकंदांचे अंतर पडते. मेकॅनिकल शटरचे पडदे तेच अंतर काही मोजक्या मिलिसेकंदांत कापतात, म्हणून त्यात पट्टे कमी येतात, पण शांत प्रसंगात त्याचा आवाज नटाला आणि प्रेक्षकांना नक्कीच जाणवतो. आपल्या छायाचित्रकारांनी सायलेंट शटर ठेवून 1/100 किंवा 1/50 वर काम करावे आणि संवादातल्या विरामांची वाट पाहावी, कारण त्या क्षणी चेहरा स्थिर असतो. कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकर हा पर्याय मुख्यतः 100 आणि 120 च्या स्पंदनांसाठी असतो, मंद केलेल्या एलईडी पारवर त्याचा भरवसा धरू नये. सेन्सरच्या सर्व ओळी एकाच वेळी टिपणारा ग्लोबल शटर सोनीने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या ए9 थ्री या कॅमेऱ्यात दिला, पण त्याची किंमत हौशी संस्थेच्या आवाक्यातली नाही आणि तुमच्या कामाला त्याची गरजही नाही.

संस्थेतील कोणी आयफोनवरून चित्रीकरण करत असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ येथे जाऊन पॅल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू करावा, म्हणजे 25 फ्रेम्सची निवड उपलब्ध होते.