सोलापूरहून देवगडच्या खाडीकाठी घर हलवायचंय, मूव्हर्स कसे ठरवायचे?

हातमाग_घरी:
नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, मी, बायको, मुलगी आणि बाबा. बायकोचं माहेर देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या काठावर, अगदी आडबाजूचं छोटं गाव. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथं एकट्याच आहेत, सोलापूरला या म्हटलं तर येत नाहीत, म्हणतात घर बंद ठेवलं की दोन पावसाळ्यांत कौलं खाली येतात, आणि ते खरंच आहे. माझं काम लॅपटॉपवरचं आहे त्यामुळं दिवाळीनंतर आम्हीच तिकडं जायचं ठरवलंय, कायमचं.

आता अडचण. डांबरी रस्ता वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर संपतो, तिथून घरापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, साडेतीनशे पावलं तरी असेल, दोन्ही बाजूला गडगे म्हणजे दगडी कुंपणं, दोन माणसं शेजारून जेमतेम जातात. आणि घराच्या मागच्या पडवीतून दहा-बारा पायऱ्या उतरलं की पाणीच. तीन मूव्हर्सना विचारलं. एकानं फोनवरच ३८ हजार सांगितले, घर बघायला पण आला नाही. दुसरा येऊन सगळं बघून गेला आणि ६२ सांगितले. तिसरा ४५ मध्ये डोअर टू डोअर देतो म्हणाला पण पाखाडी म्हणजे काय तेच त्याला माहीत नव्हतं, मी फोटो पाठवला तर म्हणाला बघून घेऊ. हे बघून घेऊ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

सामान म्हणजे दोन लोखंडी कपाटं, फ्रीज, वॉशिंग मशीन, सागवानी पलंग, प्लायवूडचं वॉर्डरोब, पुस्तकांची वीसेक खोकी, आणि बाबांचा लाकडी हातमाग. हातमाग सोडून बाबा यायला तयार नाहीत आणि मी त्यांना सोडून जाणार नाही. कुणी असं हलवलंय का? काय विचारायचं, कुणाला धरायचं?

बिल्टीवाला:
भाऊ, मी ट्रान्सपोर्ट लाईनमध्येच आहे, पंचवीस वर्षं झाली. फोनवर भाव देणाऱ्याला आधी काट मारा. घर न बघता भाव देणारा माणूस एक तर सामान दुसऱ्याच्या गाडीत टाकतो नाहीतर मधेच गाडी उभी करून वरचे पैसे मागतो. आमच्या एका नातेवाईकांचं असंच झालं, सामान दोन दिवस कोल्हापूरच्या अलीकडं अडकून पडलं आणि पंधरा हजार जास्तीचे दिल्याशिवाय गाडी हललीच नाही. त्यांनी शेअरिंग लोड घेतला होता, म्हणजे एकाच गाडीत तीन घरांचं सामान. तुम्ही तसं करू नका, आख्खी गाडी घ्या. तुमच्या सामानाला १४ फुटी आयशर बास होतंय, १७ फुटी कशाला.

येणाऱ्या माणसाकडून घरात उभं राहून लिस्ट बनवून घ्या, प्रत्येक वस्तूसमोर तुम्ही धरलेली किंमत लिहा, खाली त्याची सही घ्या. हे नुसतं कागद रंगवायला नाही सांगत. कायद्यात असं आहे की किंमत आधी लिहून दिली नसली तर माल फुटल्या-हरवल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. ४० हजार भाड्याला हे पुष्कळ वाटतं, पण बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, भाडं कमी दाखवलं असलं तर तेवढंच धरतात, म्हणून बिल्टीवर खरं भाडं लिहायला लावा. आणि तक्रार करायची वेळ आली तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जायला पाहिजे, नंतर रडून उपयोग नाही. विमा म्हणून पैसे घेत असतील तर विमा कंपनीची पॉलिसी हातात मागा, पावतीवर नुसतं रिस्क असं लिहिलेलं विमा नसतो. पॅकिंगसकट मूव्हर्सच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो भावात धरलाय की वरनं, हे आत्ताच विचारून घ्या, शेवटी नको. ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याची गरज नाही, वापरलेल्या घरगुती सामानाला सूट आहे, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

रस्ता म्हणाल तर सांगोला, मिरज, कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्गचा रस्ता. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतंय. घाट कामासाठी किंवा दरड पडून बंद असतोय अधनंमधनं, निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या माणसाला फोन करून विचारा, नाहीतर फोंडा घाटानं काढा. आणि दिवाळीनंतर म्हणताय तर एक लक्षात ठेवा, गाळप हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्री बिनदिव्याचे चालतात. रात्री गाडी चालवू देऊ नका, पहाटे चारला काढा.

खाडीकाठची_वाडी:
मी देवगडकडचाच. दादा, तुमच्या तिन्ही मूव्हर्सना पाखाडी कळणार नाय आणि त्यांच्याकडून अपेक्षा पण करू नका. सोलापूरचे हमाल चांगले असतील पण सड्यावरून खाली ओझं घेऊन उतरायला पायाला सवय लागते, शेवाळ असेल तर आमचीच माणसं घसरतात. म्हणून काम दोन भागांत तोडा. मूव्हर्सचं काम सोलापूर ते सड्यावरचा शेवटचा डांबर, तिथं सामान उतरवून दिलं की त्यांचा हिशोब मिटला. तिथून घरापर्यंत वाडीतली माणसं. सासूबाईंना सांगा, त्यांना कोण कामाचा आणि कोण नुसता गप्पा मारणारा हे बरोबर माहीत असेल. मजुरी आधी ठरवा, दुपारचं जेवण तुमच्याकडे, बस.

जड वस्तूंना मात्र पाखाडी नको, होडी घ्या. जवळच्या धक्क्यावर गाडी थेट लागत असेल तर तिथून कपाटं, पलंग, मागाची लाकडं होडीत घालून घराच्या पायऱ्यांना लावता येतात. इथं वेळेचं गणित चुकलं तर सगळं चुकतं. ओहोटीला तुमच्या पायऱ्यांखाली गुडघाभर चिखल असणार, त्यात कपाट घेऊन उतरलात तर माणूस पण रुतेल. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येतो तेवढ्या वाजता साधारण भरती भरते. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही. तुम्ही चतुर्थी किंवा पंचमी धरा. सकाळी नऊच्या दरम्यान पाणी खाली असेल आणि तीन-पावणेचारपर्यंत चढत राहील, म्हणजे अकरापासून आरामात चार-पाच फेऱ्या होतात, सगळ्या उजेडात. माल नेहमी चढत्या पाण्यात उतरवायचा, होडी टेकली तर थोड्या वेळानं आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथंच. होडीवाल्याला तिथी सांगा, तो स्वतःच वेळ सांगेल, त्याचं ऐका.

फ्रीज, टीव्ही, कॉम्प्युटर होडीत घालू नका, खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा आत गेला तरी पुढं त्रास देतो, ते चार माणसांनी पाखाडीनंच उतरवा. फ्रीज उभाच न्या, पोचल्यावर लगेच चालू करू नका.

शिल्पा_सोलापूर_ते_किनारा:
दादा मी सोलापूरचीच, लग्नानंतर नऊ वर्षं समुद्राजवळ राहते, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सगळे तुम्हाला कसं न्यायचं ते सांगताहेत, मी काय न्यायचं नाही ते सांगते, कारण आम्ही सगळं नेलं आणि अर्धं फेकलं.

आपल्याकडं हवा कोरडी, लोखंडी कपाट वीस वर्षं जसंच्या तसं राहतं. इथं माझ्या आईनं रुखवतात दिलेलं कपाट पहिल्याच पावसाळ्यात खालून फुगलं, रंगाखाली गंज धरतो आणि कळेपर्यंत पत्रा भोकसतो. हवेतच मीठ असतं हो, रात्री काच पुसली तरी सकाळी चिकट. दोन कपाटांपैकी एकच न्या, त्याला निघायच्या आधी सोलापुरातच खालून आणि मागून रेड ऑक्साइड मारून वर रंग द्या, तिथं विटांवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. प्लायवूडचं वॉर्डरोब विकून टाका, आत्ताच, सोलापुरात चांगले पैसे येतील. तिथं ते ओल पिऊन फुगणार आणि दारं लागणार नाहीत. सागवानी पलंग बिनधास्त न्या, सांधे थोडे फुगतील, खणांना कडेनं जागा ठेवा.

पुस्तकं. वीस खोकी आहेत तर त्यातली जी परत वाचणार ती न्या, बाकीची सोलापुरात कुणाला तरी द्या, वाचनालयाला द्या. मी हे रडत-रडत शिकले, माझ्या कॉलेजच्या वह्यांना हिरवी बुरशी आली होती. जी न्याल ती काचेच्या दाराच्या कपाटात, ऊन असेल त्या दिवशी दारं उघडून ठेवायची, कडुनिंबाचा पाला वाळवून मागं टाकायचा.

आणि गॅस. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये ठेवून नेऊ नका, सोलापुरातल्या एजन्सीकडं सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, तिकडं त्यावर नवीन मिळतो. नळ, बिजागऱ्या, खिळे तिकडं घेताना स्टील मागितलं की ३०४ नंबरचं देतात, समुद्राजवळ ३१६ टिकतं, महाग आहे पण परत-परत घ्यायला नको. बाबांना सांभाळून न्या, सामान नंतर पोचलं तरी चालतंय, ते आधी नीट पोचले पाहिजेत.

हातमाग_घरी:
बिल्टीवाले काका, वाडीवाले भाऊ, शिल्पाताई, तिघांचेही मनापासून आभार. वॉर्डरोब विकायला काढलं. ६२ वाल्याशीच परत बोललो, सड्यापर्यंतच घ्यायचं म्हटल्यावर तो ५१ वर आला आणि लिस्टवर सही द्यायला तयार झाला. एकच प्रश्न राहिला, बाबांच्या मागाचं काय? ते लाकूड सोलापूरच्या हवेत चाळीस वर्षं वाळलेलं आहे. तिथं फुगून तडकलं तर बाबांना कसं सांगायचं?

पूर्व_भाग_विणकर:
बाबांना माझा नमस्कार सांगा. मी पूर्व भागातला, तीन पिढ्या मागावर. लाकूड तडकतं ते सुकताना, ओल मिळाल्यावर फुगतं. म्हणून माग तिथं नेऊन लगेच ठोकून-ठाकून घट्ट बसवू नका, सगळ्या पाचरी ढिल्या ठेवा, महिनाभर नुसता उभा राहू द्या, लाकूड तिथली हवा पिऊन थांबलं की मग पाचरी घट्ट करा. घाईत घट्ट केलात तर फुगताना सांध्यालाच फाटेल. सोडताना प्रत्येक सांध्याला खडूनं आकडे घाला, दोन्ही बाजूंना तोच आकडा, बाबांच्या हातानंच घाला. फणी, म्हणजे धागे वेगळे ठेवणारी कंगव्यासारखी पट्टी, लोखंडी असेल तर तेलाचा हात फिरवून जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत न्या, ट्रकमध्ये नको. आडवा धागा नेणारे धोटे पण तसेच.

आणि बाबांना एक चांगली गोष्ट सांगा. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, ओलसर हवेत त्याची ताकद वाढते. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये आम्ही जमिनीवर पाणी शिंपडून बसतो ते त्याच्यासाठीच. खाडीकाठी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कमी तुटेल. फक्त खळ, म्हणजे पिठाची पेज, दिलेला ताणा पावसाळ्यात मागावर तसाच सोडून ठेवू नका, खळीला बुरशी धरते. जून यायच्या आत कापड उतरवून घ्यायचं.

हातमाग_घरी:
पोचलो मंडळी. पंचमी धरली होती. आयशर आदल्या दिवशी पहाटे चारला निघालं, संध्याकाळी तळेऱ्याच्या पुढं मुक्काम केला, सकाळी आधी धक्क्यावर जड सामान उतरवलं आणि मग गाडी वर सड्यावर. होडीवाले काका म्हणाले साडेअकराच्या आधी हलायचं नाही, आणि बरोबर साडेअकराला पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. चार फेऱ्या झाल्या. कपाट उतरवताना एका बाजूला खरचटलं तेवढंच, मी लगेच रंग लावला. पाखाडीवर वाडीतले सहा जण होते, सासूबाई वरून नावं घेऊन सांगत होत्या कुणी काय उचलायचं. मूव्हर्सच्या माणसांनी लिस्टवर खुणा करून माल मोजून दिला, एक मिक्सरचं भांडं सोडून सगळं आलं, ते भांडं सोलापुरातच ओट्यावर राहिलं होतं.

विणकर काका, माग मागच्या पडवीत उभा केलाय, पाचरी ढिल्याच आहेत. बाबा रोज सकाळी उठून आधी सांध्यांवरून हात फिरवतात, मग चहा घेतात. काल म्हणाले अजून पंधरा दिवस.