मदत हवी आहे : नेल गन आणि स्प्रे गन, दोन्हीला हवा किती ठेवायची?

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या एका गावात सुतारकाम करतो. रंधा-पटाशी वीस वर्षांपासून हातात आहे, पण कॉम्प्रेसर मागच्या दिवाळीनंतर घेतला. २ एचपीची मोटर, ५० लिटरची टाकी, सिंगल फेज. सोबत एफ-३० नेल गन (३० एमएमपर्यंतचे बारीक खिळे हवेने मारणारी) आणि वर कप असलेली १.४ नोझलची स्प्रे गन. सध्या भाचीच्या लग्नाचं आंदण करायला घेतलं आहे. आषाढीच्या आत द्यायचं आहे आणि कपाट दोन जागी अडलं आहे.

पहिली अडचण खिळ्यांची. चौकट सागवानाची आहे, आमच्या जुन्या पडवीच्या खांबांतून काढलेली, लोखंडासारखी पक्की. मागची बाजू ६ एमएम प्लायची. एकाच हवेवर दोन्हीकडे मारलं तर प्लायमध्ये खिळा जवळजवळ आरपार जातो आणि सागवानात डोकं २ मिलिमीटर वर राहतं. ते हातोडीने बसवायला गेलं की खिळा वाकतो आणि पट्टीवर हातोडीचा अर्धा चंद्र उमटतो. तो घासून घालवायला अर्धा तास जातो.

दुसरी अडचण एनसी लॅकरची, म्हणजे लाकडावर फवारायच्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशची. गन सुरुवातीला चांगली चालते, अर्ध्या मिनिटात थेंब थुंकायला लागते. मिरगाचा पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी तर पल्ल्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरेपणा आला. काटा ४० वर होता. गन देणारा दुकानदार म्हणाला होता, "पाच किलोवर ठेवा, सगळं चालते." डायलवर आकड्यांच्या दोन रांगा आहेत. पाच किलो म्हणजे नेमकं कुठे, आणि दोन्ही कामांना एकच कसं चालेल? जाणकारांनी सांगावं जी.

सागवानी :
भाऊ, आधी डायल. एक रांग किलोची (दर चौरस सेंटीमीटरला), दुसरी पीएसआयची (दर चौरस इंचाला पौंड), दोन्ही हवेच्या दाबाचीच मापं. इथे सगळे आकडे पीएसआयचे धरा. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय, म्हणजे पाच किलो झाले ७१. नेल गनला ते मधलं आहे, स्प्रेला फार जास्त. दोन्हीला एकच आकडा चालत नाही, कारण दोघी हवा वेगळ्या रीतीने घेतात. नेल गन एका फटक्यात एक घोट घेते आणि थांबते. स्प्रे गन ट्रिगर दाबला तेवढा वेळ सारखी पीत राहते.

खिळ्यांसाठी टाकाऊ तुकडे घ्या, एक प्लायचा, एक त्याच खांबाचा. ७० पासून सुरू करा आणि पाच-पाचने वाढवत जा. डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली, नखाला जाणवेल इतकं गेलं की तिथेच थांबा. प्लायला बहुतेक ७० च्या आसपासच जमते, जुन्या सागवानाला ९०-९५ लागते. गनच्या अंगावर जी हद्द छापली आहे ती ओलांडू नका. तिथेही डोकं वर राहिलं तर ३० ऐवजी २५ एमएमचा खिळा लावा, फेविकॉल आहेच.

आणखी एक पाहा. टाकीचा काटा किती खाली आला की मोटर सुरू होते? बहुतेक स्विच ११५ ला बंद आणि ८५ च्या आसपास चालू होतात. रेग्युलेटरवर (गनकडे जाणारा दाब ठरवणारी चावी) ९५ लावलं पण टाकीत ८५ उरले, तर गनला ८५च मिळतील. सलग दहा-बारा खिळे मारून झाल्यावरच डोकी वर राहत असतील तर हेच कारण. टाकी भरू द्या, मग मारा.

धागाकर्ता :
हेच होऊन राहिलं होतं! आज मोजलं. मोटर ८२ ला चालू होते. भरलेल्या टाकीवर ९५ ने खिळे बसले, टाकी उतरली की नाही. आता टाकीच्या काट्याकडे पाहून मारतो. प्लायला ७० पुरले. स्प्रेचं मात्र तसंच आहे.

हवापाणी :
मी वर्धेकडे फर्निचर रंगवतो. नमस्कार दादा. तुमचे ते ४० ट्रिगर सोडलेला असतानाचे आहेत का? दाबून पाहा. तुमच्याकडे ती पिळाची बारीक निळी नळी असणार. ती आतून अरुंद असते, हवा वाहू लागली की ४० चे २५ सहज होतात. रंग मोठ्या थेंबांनी पडतो तो तिच्यामुळे. ८ एमएम आतल्या व्यासाची सरळ रबरी नळी घ्या. मग ट्रिगर दाबून धरलेला असताना गनपाशी ३० ते ४० राहील असं लावा. गनपाशी छोटा गेज बसवता आला तर उत्तमच. रेग्युलेटर लावताना आधी खाली उतरवा आणि मग वर चढवत आकड्यावर आणा, उलटं केलं तर काटा फसवतो.

पुठ्ठ्यावर पाहून घ्या. गन १५-२० सेंटीमीटरवर धरून एक झटका मारा. थेंब मोठे, कडा जाड, तर हवा कमी किंवा रंग घट्ट. धुकं उडतं, पल्ल्यावर हात फिरवला तर खरखरीत लागतं, तर हवा जास्त.

थुंकण्याला दुसरं कारण पाणी. दाबली की हवा तापते, टाकीत गार होते आणि पाणी सोडते. तळाचा कॉक रोज सकाळी उघडा, पावसाळ्यात दोनदा. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. तिथे हवा गरम असते, ओल वाफेसारखीच पुढे जाते. पाच-सात मीटर नळी गेल्यावर लावा, तोवर हवा थंड होऊन पाणी त्यात अडकते.

पांढरी साय वेगळी. एनसीचं थिनर झपाट्याने उडते, त्याने पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेची ओल त्यावर बसते. पाऊस पडून गेल्यावर मारूच नका. दुपारी, कोरड्या वेळी मारा, आणि थिनरमध्ये थोडं रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घाला. आधी पांढरं पडलेल्यावर रिटार्डरचा हलका फवारा मारून पाहा, बहुतेक वेळा साय जाते.

एक गोष्ट जपून, नेल गनमध्ये तेलाचे थेंब टाकता तर ती नळी स्प्रेला लावू नका. तेलाचा अंश आला की लॅकरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पूर्ण पल्ला घासावा लागतो. दोन नळ्या ठेवा.

सागवानी :
आणखी दोन शब्द. आपल्याकडे व्होल्टेज पडते तेव्हा मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जाते. लांब बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नका. कॉम्प्रेसर बोर्डाजवळ ठेवून हवेची नळी लांब न्या. आणि थिनर उडत असते त्या खोलीत कॉम्प्रेसर नको, स्विचची ठिणगी पुरते. चुलीपासूनही दूर. खिळा अडकला तर नळी सोडवूनच गन उघडा. एका ओळखीच्याचा अंगठा गेला होता, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.

धागाकर्ता :
आठ दिवसांनी लिहितो. चंद्रपूरहून ८ एमएमची नळी आणली, फिल्टर सहा मीटरवर दाराच्या चौकटीला ठोकला. ट्रिगर सोडलेला असताना काटा ४२, दाबल्यावर ३५. थुंकणं थांबलं. पहिल्या सकाळी टाकीचा कॉक उघडला तर अर्धा पेला लालसर पाणी निघालं! इतके महिने ते आतच होतं.

रिटार्डरच्या फवाऱ्याने पांढरेपणा गेला, फक्त खालच्या कोपऱ्यात थोडा राहिला. तो घासून परत मारला. काल भाची येऊन पल्ल्यावर हात फिरवून गेली. "मामा, यात चेहरा दिसून राहिला," म्हणाली. माझे डोळे भरून आले, ती माझ्या मांडीवर खेळलेली पोर आहे.

आता ड्रेसिंग टेबल उरलं आहे. त्याच्या वळणदार पायांना १.४ नोझलच चालेल की लहान घ्यावी, कुणी सांगाल का?

हवापाणी :
चालेल दादा. फवाऱ्याचा पंखा अरुंद करा, रंगाचा स्क्रू अर्धा फेरा आवळा आणि हवा ३० वर आणा. दोन पातळ हात द्या, एक जाड नको, नाहीतर वळणावर ओघळ येतो.