मखराच्या हार्डबोर्डसाठी कोणती करवत घ्यायची?

बी-६०४: मंडळी, सोसायटीच्या गणपतीच्या मखरासाठी हार्डबोर्डच्या आठ बाय चारच्या १४ शीट ठरल्यात. बहुतेक ३ मिमी, पायथ्यासाठी दोन ६ मिमीच्या. वर्कशॉपच्या फंडात ८,००० शिल्लक आहेत. माझं मत टेबल सॉ, म्हणजे पाटावर बसवलेली गोल पात्याची करवत घ्यावी असं आहे. बोला.

सी-१०१: माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे. लाकडाचं ब्लेड लावलं की झालं, कशाला खर्च?

ए-२०३: ग्राइंडर नको, कळकळीने सांगतो. ते मशीन लोखंड घासायच्या चकतीसाठी आहे. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे, आणि दातांचं ब्लेड शीटमध्ये अडकलं की मशीन हातातून उसळतं. नोकरीत असताना आमच्या शॉपमधल्या एका पोराच्या मनगटाला असंच लागलं. नऊ टाके. मी त्याला रिक्षात घालून नेलं होतं.

सी-१०१: बरं काका, ग्राइंडर बाद. पण सुतार मार्बल कटरने प्लाय कापतातच की.

ए-२०३: कापतात, आणि सरळ कापतात, कारण खाली सपाट बेस असतो. पण सर्क्युलर सॉला, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या करवतीला, खालून स्प्रिंगचं गार्ड असतं, मशीन उचललं की पातं आपोआप झाकतं. मार्बल कटरला ते नसतं. त्यांचा रोजचा हात आहे. आपल्याकडे रविवारी येणारी कॉलेजची मुलं आहेत.

बी-६०४: मग टेबल सॉ? तो तर जागेवर स्थिर असतो.

ए-२०३: आपल्या बजेटमधल्या टेबल सॉचा पाट दोन-अडीच फुटांचा. त्यावर आठ फुटी शीट ढकलायची म्हणजे दोन्ही बाजूंना माणसं हवीत, आणि ३ मिमीची शीट मध्ये लवते. शिवाय एवढी पातळ शीट फेन्सच्या, म्हणजे शीट टेकवून ढकलायच्या आडपट्टीच्या, खालच्या फटीत घुसते. मग रेघ गेलीच. अशा कामात शीट जागेवर ठेवायची आणि मशीन तिच्यावरून चालवायचं. म्हणून सात इंची सर्क्युलर सॉ घ्या, कार्बाइडचं, ६० दातांचं ब्लेड. त्याच्यासोबत येतं ते १८-२४ दातांचं ब्लेड हार्डबोर्डच्या कडा उचकटतं.

डी-४०२: काका, हार्डबोर्ड म्हणजे परीक्षेच्या पॅडचंच ना? ते तर कटरने कापता येईल.

ए-२०३: हो ताई, तेच. लाकडाचे तंतू वाफेने सुटे करून, गरम करून दाबलेले. म्हणून त्याला लाकडासारख्या रेषा नसतात, कुठल्याही दिशेने सारखंच कापतं. एक बाजू गुळगुळीत, मागे गोणपाटासारखी जाळी उठलेली. छोट्या तुकड्यांना स्टीलची पट्टी धरून गुळगुळीत बाजूने पाच-सहा वेळा कटर ओढा, छान निघतं. १४ शीट मात्र हाताने नाही होणार. कमानी आणि मोराची पिसं आपल्या जिगसॉने, म्हणजे वळणं कापायच्या छोट्या करवतीने, बारीक दातांचं पातं लावून.

सी-१०१: आणि रेघ सरळ कशी राहणार? मागच्या वर्षी मखराची मागची भिंत वरून दीड इंच रुंद झाली होती.

ए-२०३: कारण हाताच्या अंदाजाने कापली. मशीन कुठलंही घ्या, पट्टी नसेल तर तेच होणार. अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप नऊ फुटांचा आणा. सॉच्या बेसच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा आणि ते मशीनवरच मार्करने लिहून ठेवा. रेघेपासून तेवढ्या अंतरावर पाइप दोन्ही टोकांना सी-क्लॅम्पने आवळायचा. कोपऱ्याला गुण्या लावा, आणि तुकडा निघाला की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच पुढचा.

खाली पाच-सहा रिपा (लाकडी पट्ट्या), त्यावर टाकाऊ प्लाय, त्यावर दोन शीट एकत्र. पातं प्लायमध्ये जेमतेम २ मिमी उतरेल एवढंच ठेवा. शीट अधांतरी राहिली तर थरथरते आणि कडेला केस निघतात. सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, त्यामुळे चकचकीत बाजू खाली. हातकरवतीला उलट. हे विसरलं की रंगाच्या दिवशी पुट्टी भरत बसावं लागतं.

सी-००२: एक विनंती. आमच्या आईला दमा आहे आणि वर्कशॉपचं दार आमच्या खिडकीसमोर येतं. मागच्या वेळचा भुसा घरात आला होता.

ए-२०३: वहिनी, तुमचं बरोबर आहे, हा भुसा पिठासारखा बारीक असतो. सॉच्या नळीला व्हॅक्यूम जोडू, कापणाऱ्यांना एन-९५ मास्क आणि चष्मा, आणि कापायचं काम तुमच्या बाजूला नको, गेटकडच्या स्टिल्टमध्ये करू.

बी-६०४: ठीक. सकाळी अकरा ते एक. व्हॅक्यूम माझा. २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर दर वर्षी मखर भाड्याने आणतोय, यंदा आपलं होतंय याचा खरंच आनंद आहे. सॉ आणि ब्लेड मिळून साडेसहा हजारांपर्यंत बसतंय. कुणाची हरकत?

डी-४०२: नाही. पण शीट पावसात भिजू देऊ नका. आमच्या कपाटाच्या मागच्या बोर्डाच्या कडा ओलीने अशा फुगल्या की दार लागेना.

ए-२०३: अगदी. टेम्पोवर ताडपत्री सांगा. लिफ्टमध्ये मावणार नाहीत, थेट स्टिल्टमध्ये उतरवा, रिपांवर आडव्या. भिंतीला उभ्या टेकवल्या तर चार दिवसांत बाक येतो.

सी-१०१: शनिवारी पाचला मी आणि धाकटा उतरवायला आहोत. अजून दोघं हवेत, ६ मिमीच्या जड असतात.

सी-००२: माझे मिस्टर येतील.